कार्डावरचा अंगठा

कुंदाबाईंचा हात जिच्या गालावर पडला नाही, अशी एकही मुलगी त्या होस्टेलातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडली नसेल. धुळ्यात पांझरा ओलांडून गेलं की सायन्सच्या मुलींचं हे होस्टेल लागायचं. खाली सहा खोल्या, वर सहा, मागे मेस आणि पुढे लोखंडी फाटक. मुली सेहेचाळीस. कोणी चोपड्याची, कोणी शिरपूरची, कोणी पार साक्रीकडची. शेतकऱ्यांच्या, मास्तरांच्या, तलाठ्यांच्या लेकी. आणि या सगळ्यांवर रेक्टर म्हणून कुंदाबाई, ज्या स्वतः मराठी सातवीपुढे शिकल्या नव्हत्या.

उंचीला बेताच्या, अंगानं काटक, पांढरं सुती पातळ, कपाळ मोकळं. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. तो कान नवऱ्यानं घालवला होता. नवरा अमळनेरला एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि अकरा वर्षं हाताला लागेल त्या वस्तूनं त्यांना मारत होता. छत्री, पाट, एकदा तर देवापुढची समई. तो वारला तेव्हा बायका रडल्या, याही रडल्या, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन धुळ्याला आल्या. हे साल एकोणऐंशीचं. तेव्हापासून होस्टेल हेच घर. पहाटे उठून तुळशीला पाणी, एकवीरेच्या फोटोला उदबत्ती, आणि मग हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोली-खोलीची दारं वाजवणं.

सायन्स त्यांना कळत नव्हतं, पण वासानं सगळं कळायचं. मुलगी प्रॅक्टिकलहून आली की जवळ बोलावून ओढणी हुंगायच्या. "सडक्या अंड्याचा वास येतोय. गॅसचं झालं वाटतं आज? जा, आधी केस धू." बेडूक कापून आलेल्या मुलीला साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय ताटावर बसू द्यायच्या नाहीत. "चिरलंस ते चिरलंस. त्याच्या नावानं एकदा राम म्हण आणि मग जेव."

आणि मार. उन्हाळ्यात नळाला एकच तास पाणी यायचं. एका मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या दोघी बादलीवरून भिडल्या. आधी शिव्या, मग झिंज्या, मग एकीनं भरली बादली दुसरीच्या तोंडावर हाणली. पुढचा दात तुटून मोरीत पडला. कुंदाबाई जिना चढून आल्या, दोघींना दोन-दोन ठेवून दिल्या, आणि मग त्याच हातानं दात पडलेलीच्या हिरडीत हळद दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत. "तुमच्या आया तुम्हाला इथे पाणी भरायला पाठवतात का गं? ते तर घरीही होतं," त्या म्हणाल्या. मुली त्यांना मागून 'फौजदारीण' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं. उजव्या कानानं चांगलं ऐकू यायचं.

एकच गोष्ट अशी होती, जिच्यावरून त्या कधी चेष्टा चालू देत नसत. प्रत्येक मुलीचं एक पालक-कार्ड होतं. प्रवेशाच्या दिवशी जो पालक मुलीला घेऊन येईल त्याची सही किंवा अंगठा त्यावर घ्यायचा. मुलीला मध्येच घरी न्यायचं असेल तर त्याच माणसानं यायचं, तीच सही करायची, आणि कुंदाबाई ती कार्डाशी लावून बघणार. जुळली तर मुलगी जाणार. मग बाहेर प्रत्यक्ष कलेक्टर उभा असो.

हा नियम काही आधीपासून नव्हता. ऐंशी साली एक मामा आला होता. गोड बोलणारा, धुतलेलं धोतर. "आजी फार आजारी आहे, भाचीला दोन दिवस नेतो." मुलगी खाली मान घालून उभी होती. कुंदाबाईंनी तिला विचारलं नाही. पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी ती मुलगी विहिरीत सापडली. गावातल्या कुठल्याशा मुलाशी तिची पत्रं चालत होती, एवढंच नंतर कळलं. आजी ठणठणीत होती. त्या दिवसापासून कुंदाबाईंनी कार्डं काढली आणि ती लोखंडी पेटीत, देवीच्या फोटोखाली ठेवली.

सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात या कार्डांवर खरा प्रसंग आला.

शेवटच्या वर्षाला सुनंदा नावाची मुलगी होती. अमळनेरकडच्या एका खेड्यातली. सावळी, अबोल, केमिस्ट्रीत पहिली. तिची प्रॅक्टिकल परीक्षा बुधवारी आणि गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी फाटकापाशी जीप थांबली. उन्हानं रस्ता तापला होता, चिटपाखरू नव्हतं. जीपमधून पाच माणसं उतरली, चौघांच्या हातात काठ्या. पाचवा पांढऱ्या टोपीचा, जाड मिशांचा.

"बाई, मी बन्सीलाल. सुनंदाना काका शे. पोरले लेवाले उनूत."

कुंदाबाई फाटकाच्या आतून म्हणाल्या, "परीक्षा आहे तिची उद्या."

"तेच ते. परीक्षा नको."

आणि त्यानं काही लपवलं नाही. गावात ज्याचा शब्द चालतो त्याला लपवायची सवय नसते. सुनंदाचं लग्न धरणगावच्या कापसाच्या जिनिंग कारखानदाराच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा बारावी नापास. सोयऱ्यांची अट एकच, मुलगी पदवीधर नको. शिकलेली चालेल, पास झालेली चालणार नाही. उद्या चारचौघांत नवऱ्याची शोभा होते. म्हणून लग्न गुरुवारीच धरलं होतं. प्रॅक्टिकल बुडालं की पदवी बुडाली. मुलाच्या बापानं हे कोणाकडून तरी नीट विचारून घेतलं होतं.

"पोरीचे वडील कुठे आहेत?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मगन? तो घर शे. त्याले काय समजस?"

"पालकाची सही लागते. कार्डावर जी आहे ती."

"मी काका शे. आखो काय जोयजे तुमले?"

"सही."

फाटकाचा पहारेकरी हिलाल साठीचा होता. गुडघे दुखायचे म्हणून स्टुलावर बसून असायचा. तो उठला आणि फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. "बाईनी नही सांगं ना, मंग नही," तो म्हणाला. बस्स, एवढंच बोलला. फाटकाच्या गजांमधून काठी आत आली आणि त्याच्या कपाळावर बसली. हिलाल स्टुलासकट मागे पडला. चौघांनी खांदा लावला, कडी मोडली, फाटक भिंतीवर आदळलं.

वरच्या गॅलरीत मुली जमल्या होत्या. पहिली वीट तिथूनच आली. मग कुंडी, मग बादली, मग वरवंटा. वरवंट्यानं एकाच्या पायाचं बोट फुटलं, तो खाली बसून आईच्या नावानं ओरडायला लागला. मेसमधून धुरपदाबाई वरणाचं पातेलं दोन्ही कानांना धरून धावत आली. भाकऱ्या थापून थापून तिचे दंड गड्यासारखे झाले होते. तिनं ते उकळतं वरण जिन्याच्या पायरीवर चढलेल्याच्या पायांवर ओतलं. तो माणूस असा किंचाळला की रस्त्यापलीकडच्या सायकल दुकानातली माणसं बाहेर आली.

या गोंधळात एक मुलगी मोरीत ठेवलेली तेजाबाची बाटली घेऊन आली. संडास धुवायचं तेजाब, पण जळजळीत. झाकण काढलेलं होतं. कुंदाबाईंनी तिला बघितलं आणि काठीवाल्यांना सोडून आधी तिच्याकडे धावल्या. मनगट पिरगाळून बाटली खाली ठेवायला लावली आणि सणसणीत एक थोबाडीत दिली.

"तोंडावर टाकणार होतीस?"

"बाई, ते सुनंदाला..."

"वीट टाक. डोकं फुटलं तर शिवता येतं. डोळे कुठला डॉक्टर शिवणार? शिकलीस ना तीन वर्षं?"

त्या वळल्या तोवर बन्सीलाल जिन्यापाशी आला होता. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरले. त्याच्या हातात आता कोणाची तरी काठी होती. ती उजव्या मनगटावर पडली आणि मनगटातून वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. कुंदाबाई हलल्या नाहीत. मार खायची अकरा वर्षांची सवय अशी उपयोगी पडेल हे त्यांना कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा सायकल दुकानातली माणसं आत आली होती आणि मागोमाग त्यांनी बोलावलेले पोलीस.

फौजदार तरुण होता, पण जुन्या चालीचा. हिलालला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं, पाचही जणांची नावं लिहिली. बन्सीलाल त्याला बाजूला घेऊन हळूहळू बोलला. जिल्ह्यातल्या दोन-चार मोठ्या माणसांची नावं त्यात आली. फौजदार परत आला तेव्हा त्याचा सूर जरा खाली आला होता.

"बाई, मारामारीचं मी बघतो. पण घरच्या मुलीला घरचे लोक नेणार, त्यात मी आड कसा येणार? तुमचा नियम काय आहे तो सांगा."

कुंदाबाईंनी डाव्या हातानं पेटी उघडली आणि कार्ड काढलं. कार्डावर सही नव्हती. अंगठा होता. जून चौऱ्याऐंशीत सुनंदाला घेऊन तिची आई आली होती, झुंबरबाई. घरात कोणाला न विचारता, एस.टी.नं, पोरीची पेटी डोक्यावर घेऊन.

फौजदारानं कार्ड बघितलं, बन्सीलालला दाखवलं. "आई आणा. आईचा अंगठा या कागदावर उमटला आणि याच्याशी जुळला की घेऊन जा मुलीला. नाही जुळला तर परीक्षा होईपर्यंत फाटकाला हात लावायचा नाही. आता मी लिहून घेतलंय."

बन्सीलाल हसला. अंगठा म्हणजे काय, घरचीच बाई. "सकायले लई येस," सकाळी तिला घेऊनच येतो, असं म्हणून तो निघाला आणि जीप गेली.

संध्याकाळी कुंदाबाईंचा हात प्लास्टरमध्ये गेला. सुनंदा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "बाई, मी जाते. माझ्यापायी..." पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. डाव्या हाताची थप्पड उजव्यासारखी बसत नाही, पण बसली. "पुस्तक काढ," कुंदाबाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी आठ वाजता जीप आली. दहाला प्रॅक्टिकल. फौजदार शाईचं पॅड आणि कोरा कागद घेऊन स्टुलावर बसला होता. एक शिपाई मोडक्या फाटकाशी. जीपमधून झुंबरबाई उतरली. डोक्यावर पदर, खालचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. चालताना एक पाय ओढत होती. तिला धाकटा मुलगा होता, सहा वर्षांचा. अंगठा दिला नाही तर तो दिसणार नाही, एवढं बन्सीलालनं रस्ताभर सांगितलं होतं.

"दे वो अंगठा," बन्सीलाल म्हणाला.

"थांबा," कुंदाबाई म्हणाल्या. "पालक आला की रेक्टर त्याच्याशी आधी एकटी बोलते. नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता. फौजदारानं त्यांच्याकडे बघितलं, मग प्लास्टरकडे बघितलं. "पाच मिनिटं," तो म्हणाला.

मेसच्या चुलीवर तवा तापला होता. धुरपदाबाईनं पहिली भाकरी काढून पीठ मळायला घेतलं होतं. झुंबरबाई चुलीपाशी टेकली. कुंदाबाईंनी तिला पाणी दिलं. फाटक्या ओठातून ते नीट जाईना.

"सुनंदाला बोलावू?"

"नको बाई. तिनं मनं तोंड दखं ना, तिना हात कापतीन." मग जरा थांबून, "परीक्षा कशानी शे?"

"पांढरी पुडी देतात. तिच्यात काय काय मिसळलंय ते ओळखायचं."

झुंबरबाईच्या सुजल्या तोंडावर हसू आलं. "आन त्याले तीन वरीस लागतस? मी ते चाखीसन सांगी देस."

"तिथे चाखायचं नसतं. काही पुड्या विषारी असतात."

"अस्सं?" तिला ते पटलं. लेकीला एवढं कळतं याचं तिला नवल वाटलं असावं. ती आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिली. निंदणी-खुरपणीनं चिरा पडलेला, काळा, रुंद अंगठा. "बाई, हाऊ अंगठा नही उठना ते?"

"नाही उठला तर फौजदार मुलीला पाठवणार नाही. पण बाई, तो उठतोच. देवानं दिलेली रेघ आहे, ती..."

 झुंबरबाईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं, अंगठा तव्यावर ठेवला आणि डाव्या हातानं वरून दाबून धरला.

आवाज फोडणीसारखा झाला. वास वेगळा होता. धुरपदाबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. कुंदाबाईंचा डावा हात मोकळा होता, झुंबरबाई हातभर अंतरावर होती, तो हात पुढे केला असता तर पोचला असता. तो पुढे गेला नाही. एक श्वास, दोन श्वास. त्या दोन श्वासांचा हिशेब त्यांना पुढे देवापुढे कितीतरी वेळा द्यावा लागला आणि प्रत्येक वेळी तो चुकला. तिसऱ्या श्वासाला त्यांनी झुंबरबाईला धरून मागे ओढलं. अंगठ्याची कातडी तव्यावरच राहिली.

झुंबरबाईनं पदर दातांतून काढला. त्याला रक्त लागलं होतं. "आते चाला," ती म्हणाली.

जाण्याआधी कुंदाबाईंनी धुरपदाबाईला दोन वाक्यं सांगितली. पोरी सगळ्या मागच्या दारानं कॉलेजला न्यायच्या, सुनंदा मधोमध. आणि यातलं एक अक्षर तिला परीक्षा होईपर्यंत कळलं नाही पाहिजे. "कोणी बोललं तर मी तिची जीभ भाजीन." धुरपदाबाई रडत होती, रडतच निघाली.

पुढे अंगणात फौजदारानं पॅड उघडलं. झुंबरबाईनं पदराखालून हात काढला. अंगठ्याच्या जागी लाल, ओलं मांस होतं. फौजदारानं ते बघितलं.  शिपायानं तोंड फिरवलं.

"हे कसं झालं?"

"भाकर टाकाले गयू," झुंबरबाई म्हणाली, "तवा लागना."

बन्सीलालला कळायला क्षण लागला. मग तो ओरडला, "दुसरा घ्या! डावा घ्या!"

"कार्डावर उजवा आहे," फौजदार म्हणाला. त्यानं पॅडचं झाकण बंद केलं. त्याचा आवाज काल उतरला होता, तो आता परत वर आला होता. "जुळत नाही. निघा."

बन्सीलालनं वहाण काढली आणि फौजदाराच्या देखत झुंबरबाईच्या तोंडावर मारली. एक, दोन. शिपायानं मागून कव घातली तेव्हा तो शिपायालाही कोपर मारत होता. फौजदारानं त्याच्या कानशिलात दोन वाजवल्या, टोपी मातीत पडली. मागे मेसच्या दारानं सेहेचाळीस मुली निघाल्या होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज इकडे ऐकू येत होता. कोणी मागे बघितलं नाही.

झुंबरबाईच्या अंगठ्याला मलमपट्टी झाली. कालची मोठी नावं मध्ये होती, फौजदारानं बन्सीलालला दम देऊन सोडलं. टोपी झटकून बन्सीलाल जीपपाशी उभा होता. आता तो ओरडत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "चाल घर," तो झुंबरबाईला म्हणाला. "तठे दखसू तुले."

"जाऊ नका तुम्ही," कुंदाबाई म्हणाल्या.

"मना आंडोर शे तठे, बाई."

धाकटा मुलगा तिकडेच होता. झुंबरबाई जीपमध्ये चढली. कुंदाबाई आत गेल्या. पिशवीत एक पातळ आणि देवीचा अंगारा घातला, किल्ल्यांचा जुडगा हिलालच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला, आणि प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला तशा येऊन झुंबरबाईच्या शेजारी जीपमध्ये बसल्या.

"कुठे?" फौजदारानं विचारलं.

"पाहुणी म्हणून जाते यांच्याकडे. चार दिवस."

"बाई, वेड लागलंय का?"

"तुम्ही मारामारीचं बघता म्हणालात ना? ते तिकडे होणार आहे."

फौजदारानं वही काढली, पाहुणीचं नाव लिहिलं आणि बन्सीलालला जवळ बोलावलं. "या बाई चालत परत आल्या पाहिजेत. नाहीतर मी तुझ्या गावात चालत येईन."

गावातलं घर मोठं होतं, पुढे ओटा, मागे गोठा. सुनंदाचा बाप मगन दारात उभा होता. भावाच्या पुढे त्यानं आयुष्यात कधी मान वर केली नव्हती. बायकोचा हात बघून तो गोठ्यात जाऊन बसला. सहा वर्षांचा पोर आईच्या कमरेला येऊन चिकटला.

संध्याकाळी बन्सीलाल बैलांचा आसूड घेऊन स्वयंपाकघराकडे आला. उंबऱ्यावर कुंदाबाई बसल्या होत्या, तोंडानं नाम चालू, प्लास्टरचा हात दाराला आडवा. "सरका बाई." त्या सरकल्या नाहीत. आसूड चौकटीवर बसला, लाकडाची ढलपी उडून त्यांच्या गालात घुसली. त्यांनी ती डाव्या हातानं उपसून काढली आणि नाम पुन्हा सुरू केलं. पाहुणी, विधवा, वर पोलिसाच्या वहीत नाव. बन्सीलाल दात-ओठ खात मागे फिरला आणि गोठ्यात जाऊन मगनला मारायला लागला. सगळ्या गल्लीला तो आवाज ऐकू येत होता. मगन ओरडत नव्हता. झुंबरबाई उठली, कुंदाबाईंनी तिला धरलं. "पोराला बघा," त्या म्हणाल्या.

गुरुवारी वऱ्हाड आलं नाही. धरणगावहून निरोप घेऊन एक माणूस आला. मुलगी परीक्षेला बसली, प्रकरण पोलिसांत गेलं, असली सोयरीक आम्हाला नको. मांडवाचे खांब उभे होते. बन्सीलालनं कुऱ्हाडीनं ते तोडले, मग घरात शिरून सुनंदाची जुनी पुस्तकांची पेटी बाहेर आणली आणि तिच्यावर कुऱ्हाड चालवली. अकरावीची, बारावीची पुस्तकं, वह्या, त्यातली बेडकांची चित्रं, सगळं अंगणभर झालं. मग थकून ओट्यावर बसला.

शुक्रवारी सकाळी पहिल्या एस.टी.नं सुनंदा आली.

गुरुवारी संध्याकाळी परीक्षा संपल्यावर धुरपदाबाईनं तिला सगळं सांगितलं होतं. ती पायवाटेनं धावतच आली, अंगणातल्या कागदांवरून, ओट्यावरच्या काकाच्या समोरून, थेट स्वयंपाकघरात. आईचा पट्टी बांधलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला. 

"पुडी वळखी का?" झुंबरबाईनं विचारलं.

सुनंदानं मान हलवली. "दोन्ही. दोन्ही ओळखल्या, माय."

तेवढ्यात कुंदाबाई उंबऱ्यावरून उठल्या. कडकडून एक तिच्या गालावर बसली, इतकी की कोपऱ्यातला पोर रडायला लागला.

"कशाला आलीस? आं? थिअरीचे पाच पेपर आहेत अजून, ते काय तुझा बाप देणार आहे? तुझ्या काकानं ओट्यावरून उठून कडी लावली तर? आईनं हात भाजला तो काय तू इथे येऊन गळे काढावेस म्हणून?"

"बाई, मी माईला घेऊन..."

"माईचं माई बघेल. मी आहे इथे. ऊठ. आली तीच गाडी फिरून परत जाईल आता."

झुंबरबाईनं डाव्या हातानं लेकीचे डोळे पुसले आणि मग तिला उठवून उभं केलं. "बाई बरोबर सांगतीस," ती म्हणाली. "चाल, मी येस फाट्यालोंग."

तिघी निघाल्या. मध्ये सुनंदा, एका बाजूला पट्टीचा हात, दुसऱ्या बाजूला प्लास्टरचा. ओट्यावर बन्सीलाल बसला होता, कुऱ्हाड मांडीला टेकलेली. तो उठला. तिघी थांबल्या नाहीत. कुंदाबाईंच्या उजव्या कानाला मागून पावलं ऐकू आली, त्यांनी मान वळवली नाही, फक्त सुनंदाच्या पाठीवर हात ठेवून तिला जरा पुढे लोटलं.

पावलं मगनची होती. तोंड सुजलेलं, सदरा पाठीवरच्या आसूडाच्या वळांना चिकटलेला. तो गोठ्यातून निघून बन्सीलाल आणि त्या तिघी यांच्या मधोमध आला होता आणि तसाच मागे मागे चालत होता. बन्सीलालनं हाक मारली, "मगन!" आजवर या हाकेला तो थांबला नाही असं कधी झालं नव्हतं. आज तो चालत राहिला. गल्लीतल्या दुकानापुढे बसलेली माणसं उभी राहिली. बन्सीलाल पाच-पंचवीस पावलं आला आणि मग लोक बघताहेत हे ध्यानात येऊन थांबला.

फाट्यावर पोचले तेव्हा गाडी वळून निघालीच होती. ती थांबायची लक्षणं दिसेनात. कुंदाबाई ओरडल्या, सुनंदानं हात केला.  मगन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून गाडीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, धूळ उडाली, आतली माणसं पुढे आदळली आणि ड्रायव्हर खिडकीतून त्याला आई-बहिणीवरून शिव्या द्यायला लागला. मगन सगळ्या शिव्या ऐकत उभा होता. लेक पायरीवर चढून आत दिसेनाशी होईपर्यंत तो बाजूला झाला नाही.